पाचवं लेकरू

दुर्गाबाईच्या भिंतीवर पाच लेकरं निंगाले, अन् घरात होते चारच. बस, इतलीच गोष्ट. तुमी म्हनसान, एक लेकरू जास्त निंगालं तं काय आभाय फाटलं? पन आमच्या गावात फाटलं बाप्पा. अन् ते फाडनारी मीच होती, भागिरथा. दुसऱ्या कोनाचं नाव कायले घेऊ?

दिव्याच्या अवसेले आमच्याकडे भिंतीवर जिवती काढतात. आता कागदाची भेटते बजारात, तव्हा भेटत नव्हती. गावातल्या अकरा घरच्या जिवत्या माह्या हाताच्या. पयले माह्या सासूचा हात होता, तिच्या मांगं माहा. वरते खांब फोडून निंगालेला नरसिंव्ह अन् त्याच्या पायाजवय हात जोडून पल्हाद. बाजूले कालियाच्या फन्यावर नाचनारा किस्न. खालते हत्तीवर बुध अन् वाघावर बरसपती. मधात जरा अन् जिवती दोघीजनी, आंगाखांद्यावर लेकरं घेऊन बसेल. सारे देव लेकराले राखनारे, म्हनून तं मायबाया हात जोडतात.

त्याचे नेम दोन. घरात जितले लेकरं असतीन तितलेच जिवतीजवय काढाचे. कमी काढलं तं कोनाचं वाईट चितल्यावानी, जास्त काढलं तं कोनाचं तरी जीव नसलेलं लेकरू घरात घेतल्यावानी. अन् दुसरा नेम असा का काढनारी बाई लेकुरवायी पाह्यजे. जिची कूस उघडली नाई, तिनं रंगाच्या वाटीलेबी हात लावाचा नाई. मले पाच झाले, एकटा देवमन जगला. पन जगला, म्हनून मी लेकुरवायी.

गंगू माही सून, देवमनची बायको. नऊ वर्साची होती तव्हाच आमच्या घरात आली. माय मेलेली, काकाच्या घरी वाढेल. त्याईनं आंगावरचं ओझं उतरवलं अन् मोकये झाले. वरात आली त्या दिवशी अडान नदीले गुडघ्याच्या वर पानी होतं. बैलबंडी गाऱ्यात फसली, सारे खालते उतरले, अन् पोरीच्या एका पायाची तोरडी पान्यात गेली. दारात उभी राह्यली तं एका पायात तोरडी, दुसरा पाय उघडा, नाक वाहून राह्यलं, अन् डोयात पानी. बाया खो खो हासल्या. मी पदरानं तिचं नाक पुसलं अन् हाताले धरून आत घेतलं. ते एक तोरडी तिनं वर्सभर काढू देल्ली नाई. म्हने, "दुसरी नदीतून येईन तव्हा जोडीनं काढू." पाय वाढला, तोरडी रुतू लागली, तव्हा कुठी सोनाराकडून कापून घेतली.

दुसऱ्या सुना सासूले आत्याबाई म्हनत. गंगू मले माय म्हने. शेजारपाजारच्या बायाईनं तिले दहादा शिकवलं, पन तिच्या तोंडून मायच निंगे. मीबी मंग सांगनं सोडून देल्लं. खरं सांगतो, मले गोड लागे.

गेरू वाटाले बसलो का ते माह्या मांडीले मांडी लावून बसे अन् इचारे. एक दिवस म्हने, "माय, हे जरा कोन होती?"

"राक्षसीन होती. लेकरं खाये."

"मंग तिची पूजा कायले?"

"एका राजाच्या घरी लेकरू झालं ते दोन फाकात झालं. अर्धं एका रानीले, अर्धं दुसरीले. लोकाईनं फेकून देल्लं उकिरड्यावर. जरेनं उचललं, दोनी फाका एकीले एक लावल्या, तं लेकरू टँ करून रडलं. तव्हापासून ते माय झाली."

"पन तिच्या पोटचं तं नव्हतं."

"नसू दे. जोडलं ना तिनं? जोडनारीबी मायच असते," मी म्हनलं अन् गेरू वाटू लागली. तिनं ते मनात धरून ठेवलं असंन, मले काय मालूम? मी बोलून गेली अन् इसरून गेली.

मंग ते शहानी झाली, संसाराले लागली. लग्नाले सतरा वर्सं झाले, पन कूस काही उघडली नाई. पोहरादेवीले नवस झाला, झाडपाला झाला, कारंज्याच्या डाक्टरले दाखवलं. देवमनले कोनी दाखवलं नाई. तशी रीतच नव्हती.

मोठा दुस्काय पडला त्या वर्षी आमी तिघंबी सडकेच्या कामावर खडी फोडाले होतो. दिवसभर डोक्यावर ऊन अन् डोयात धूय. त्यातच माहे डोये गेले. एकदम नाई गेले. पयले सुईत दोरा जाईना, मंग जवारीतला खडा दिसेना, अन् पानकया लागला तव्हा मानसाचं तोंडच दिसेना, निरा दूध सांडल्यावानी सारं पांढरं. घरात कोनाले सांगतलं नाई. वावरात पऱ्हाटीच्या ओयीत निंदाले बसली तं गवताच्या संगं पऱ्हाटीबी उपटू लागली. गंगू माह्या बाजूच्या ओयीवर होती. तिनं मी उपटलेले रोपटे उचलून पदरात लपवले, अन् संध्याकायी देवमनले म्हने, "डुकरं येऊन राह्यले वाटते वावरात."

आखाड सरत आला. अवसेले दहा दिवस राह्यले तव्हा मी आमच्या घरातल्या भिंतीले पांढऱ्या मातीचा हात देल्ला. शिंदीची काडी चावून तिचा कुंचा केला, गेरूत बुडवला, अन् नरसिंव्ह काढाले घेतला. गंगू मांगं उभी होती.

"माय," ते हयूच म्हने, "खांब वाघाच्या जागेवर येऊन राह्यला."

मी कुंचा फेकला. जे तोंडात आलं ते तिले बोलली. वांझोटे म्हनलं, डोक्यावर येऊन पडली म्हनलं. मी भिंतीले टेकून रडत बसली. जिवती काढून अकरा घरची जवारी भेटे, तिच्यावर आमचे पानकयाचे दिवस निंगत, हे तं खरंच. पन जवारीसाठी नाई रडली मी. भागिरथाचा हात गेला, हे गावात समजंन, बाया तोंडाले पदर लावून बोलतीन, त्यासाठी रडली.

उलशा टायमानं मले भिंतीवर कुंचा फिरल्याचा आवाज आला. खर्र, खर्र, एका दमात. मी म्हनलं, "काय करून राह्यली वं?"

"तुमी फक्त पाहून घ्या... हात लावून पाहा."

मी ओल्या भिंतीवरून बोट फिरवलं. रेघ कुठी थांबली नव्हती, कुठी कापली नव्हती. सतरा वर्सं माह्या मांगं उभी राहून पोरीनं डोयानंच हात शिकून घेतला होता. बाजूची बाई चुलीसाठी इस्तू न्याले आली, तिले मी सहज इचारलं, "नरसिंव्ह कसा वाटते वो?" ते म्हने, "अवो माय! आंगावर आल्यावानी वाटते."

मंग मीच म्हनलं. गंगूनं नाई, मीच. "तू काढ. मी संगं राह्यतो. नाव माहं, हात तुहा."

"माय, मी तं..." ते अडकली. तिले तो शब्द आपल्या तोंडानं म्हनता आला नाई.

"कोनाले समजत नाई," मी म्हनलं.

अन् मी एक नवा नेम काढला. जिवतीचे डोये उघडत नाई तवरक घरच्या कोनीबी पाहाचं नाई, नाई तं नजर लागते. भागिरथा म्हनते म्हनजे असंन, असं म्हनून साऱ्याईनं दाराले गोधड्या बांधल्या. सकायी आमी वावरात निंदाले जावो, दुपारी भाकर खाऊन एक-दोन घरं करो. गंगू रंगाची टोपली घेऊन समोर, मी तिचा पदर धरून मांगं. लोकाईले वाटे, सून सासूची सेवा करून राह्यली.

गोधडीच्या आत मी बोंबलत बसो. "गंगू, गेरू दे! अवं काजय दे इकडं! हयद इतली पातय कायले केली?" बाहीर बाया आयकत बसत. अन् गंगू आपली उभी राहून काढे, पायाच्या चवड्यावर, हात वर करून. दुपारवरक निंदून-निंदून तिच्या पाठीचा काटा ढिला झालेला राहे, पन कुंचा हातात आला का तिचा श्वासच बदले. मले ते समजे. मधातच माह्या बोंबलन्याले तिले हासू ये, आवाज न करता, अन् तिच्या बांगड्या वाजत. त्या आठ दिवसात आमी दोघी जितल्या हासलो तितल्या पुरी जिंदगी हासलो नाई.

आखरीले ते माहं बोट धरे, काजयात बुडवे, अन् जिवतीच्या डोयावर टेकवे. "घ्या माय. आता हे तुमची झाली." मंग मी गोधडी काढो.

बाया आत येत. मंग एकदम गलका. "भागिरथे, तुहा हात तं म्हातारपनी जवान झाला वो!" एक जन म्हने, "अन् जिवती तं निरा तुह्यावानीच दिसते." मी म्हनलं, "मंग? मी काय दिसाले वाईट हावो?" सारे हासले. गंगू टोपली भरत होती. ते त्या दिवशी हासली नाई, हे मले आज आठोते.

आमच्या घरची सगळ्याच्या शेवटी काढली. नरसिंव्ह तं तयार होताच. देवमनच्या नावाचं एक लेकरू काढजो म्हनलं. ते हो म्हने.

अवसेच्या दिवशी दुर्गाबाईच्या वाड्यावरून बोलावनं आलं. दुर्गाबाई म्हनजे मानिकराव पाटलाची माय. मोठं घर, गावातली पयली जिवती तिची. तिच्या घरची रीत अशी का जितले नातू-नाती तितले कनकीचे दिवे लावाचे, अन् भिंतीवरच्या एकेका लेकरासमोर एकेक ठेवाचा. तिनं चार दिवे उकडले होते. ठेवाले गेली तं एक लेकरू दिव्याबिगर राह्यलं. अन् तिच्या लाहान्या नातवाले दोन दिवसापासून ताप होता.

मी गेली तव्हा घरात पंधरा-वीस बाया असतीन. आवाजावरून समजे.

"भागिरथे, माह्या घरी लेकरं किती?" दुर्गाबाई म्हने.

"चार. हे काय इचारनं झालं?"

"मंग भिंतीवर मोज."

मी भिंतीकडं तोंड केलं. पांढऱ्यात तांबडं, कायं, पिवयं असं काहीतरी तरंगत होतं. मी बोट हालवलं, मोजल्यावानी केलं. "एक, दोन, तीन, चार."

मंग दुर्गाबाई माह्या जवय आली, इतली जवय का तिच्या तोंडाच्या सुपारीचा वास आला. "पाच हायेत. जिवतीच्या मांगं एक पोरगी उभी हाये पदर धरून. तुले दिसत नाई का?"

दिसत नाई, इतलंच म्हनाचं होतं. दोन शब्द. ते म्हनली असती तं काय झालं असतं? बाया हळहळल्या असत्या, अकरा घरची जवारी गेली असती, म्हातारी आंधयी झाली म्हनून कोनी भाकर देल्ली असती. मरून तं गेली नसती मी. पन माह्या तोंडातून दुसरंच निंगालं.

"मी पानी प्याले उठली होती," मी म्हनलं. "माह्या मांगं हिनं हात घातला असंन. या गंगूनं."

बायाईत एकदम कुजबुज झाली. जिची कूस उघडली नाई तिनं जिवतीले हात लावला, अन् वरतून जीव नसलेलं लेकरू काढलं, अन् घरात पोट्टं तापानं फनफनून राह्यलं. एकीतून एक अशा तीन गोष्टी निंगाल्या. गंगू दारात टोपली घेऊन उभी होती.

"काहून वं," दुर्गाबाई म्हने, "तूच काढलं?"

"हो."

"कोनाचं काढलं ते लेकरू?"

गंगूनं टोपली खालते ठेवली. तिले सांगता आलं असतं. लेकरूच नाई, नरसिंव्हबी मीच काढला, वाघबी मीच काढला, हे बुढी आंधयी हाये, असं तोंड उघडून सांगता आलं असतं. तिनं नाई सांगतलं.

"कोनाचं नाई," ते म्हने. "तिथं जागा खाली दिसत होती."

दुर्गाबाई काही वाईट बाई नव्हती. तिनं गंगूच्या झिंज्या धरल्या नाई, शिव्या देल्ल्या नाई. नातवाच्या तापानं तिचा जीव ठिकान्यावर नव्हता, बस. ते म्हने, "जिनं काढलं तिनंच पुसावं. अन् बाकीच्या घरीबी पाहा वो बायाहो, आपापले मोजा." मोजाले बाया धावल्या. अकराच्या अकरा घरी एक जास्त निंगालं.

पुसाले जातानाबी मी गंगूचाच पदर धरून गेली. दुसरी वाट मले कुठी दिसत होती? तिच्या एका हातात पांढऱ्या मातीचा गंज, दुसऱ्या हातात चिंदी. एकेका घरात जाये, बाया गोल उभ्या राहत, अन् मले चिंदीचा आवाज येये. कुंचा जसा खर्र चाले, तशी चिंदी नाई चालत. ते ओली फदफद वाजते. एका घरी कोनी तरी म्हने, "चांगली घस वं, डाग राह्यला नाई पाह्यजे." दुसऱ्या घरी म्हने, "वांझोटीचा हात लागला, आता सारीच भिंत खरवडा लागंन." मी प्रत्येक घरात मनातल्या मनात म्हनो, आता बोलतो, या घरी बोलतो. तोंड उघडो अन् परत मिटून घेवो. अकरा घरं झाले. अकरा येळा मले संधी देल्ली देवानं, यापेक्षा जास्त तो तरी काय करंन?

घरी आलो. मी म्हनलं, "आपल्या भिंतीवरबी काढलं का?"

"हो."

"तेबी पुस."

ते आत गेली. उलशा टायमानं बाहीर येऊन गंज उपडा करून ठेवला. "पुसलं?" मी इचारलं.

"पुसलं माय."

देवमनले वावरात समजलं. तो भाकर अर्धी टाकून उठला. लोकाईनं त्याचे कान पयलेच भरेल होते, आता निमित भेटलं. हिवायात पंच बसले, फारकत झाली. मी पंचाईत बसेल होती. कोनी मले काही इचारलं नाई, अन् मी काही सांगतलं नाई. गंगूचा काका कामरगावाहून न्याले आला. जातानी ते माह्या पाया पडली अन् शिंदीची चावलेली काडी माह्या हातात ठेवली. "येतो माय," ते म्हने.

मी म्हनलं, "जाय."

माघात जमना आली, देवमनची दुसरी. चांगली पोरगी हाये, कामाले वाघीन हाये. तिचीबी कूस उघडली नाई. तव्हा मात्र गावात कोनी बोललं नाई, अन् देवमन मान खाली घालून वावरात जाऊ लागला.

पुढच्या अवसेले मले कोनी बोलावलं नाई. बजारातून छापील जिवती आली, गुयगुयीत कागदावर, लाल-निया रंगाची. देवमननं एक आनली अन् आमच्या भिंतीवर, जुन्या जिवतीच्या वरूनच, चार खिये ठोकून लावली. जमनाले पांढरी माती द्याची सवय नव्हती, त्या भिंतीले कोनी हात लावला नाई.

तीन वर्सं मी आंधयीच होती. मंग वाशीमले डोयाचं शिबिर लागलं, देवमन मले घेऊन गेला. मोतीबिंदू काढला, आठ दिवस पट्टी, अन् जाड काचाचा चस्मा देल्ला. पट्टी सोडली तव्हा पयलं तोंड देवमनचं दिसलं. अर्धं डोकं पिकलं होतं पोराचं. मी म्हनलं, "तू कव्हा म्हातारा झाला रे?" तो हासला अन् मंग रडला.

आखाड आला. जमना म्हने, "आत्याबाई, नवा कागद आनला. जुना काढून देता का? माहे हात शेनाचे हायेत."

मी खिये उपटले, कागद खालते ओढला.

खालते भिंत जशीच्या तशी होती. कागदानं तिले धुरापासून, धुयीपासून राखलं होतं. नरसिंव्ह खांबातून असा निंगून राह्यला होता का मी एक पाय मांगं घेतला. इतला जिवंत नरसिंव्ह माह्या सासूनंबी काढला नव्हता. मंग मी जिवती पाह्यली. जिवतीच्या हनवटीवर तीन टिपके होते गोंदनाचे, मधातला उलसा वाकडा. मी आपल्या हनवटीवर बोट ठेवलं. माह्या लाहानपनी गोंदनारीचा हात हालला होता, तसाच वाकडा.

मांडीवर एक लेकरू होतं, ते देवमनचं. अन् जिवतीच्या मांगं, तिचा पदर मुठीत धरून, एक पोरगी उभी होती. नऊ-दहा वर्साची. नाक लाल केलं होतं. एका पायात तोरडी होती, दुसरा पाय उघडा.

मी तठीच खालते बसली. जमना धावत आली, "काय झालं आत्याबाई, चक्कर आली का?" तिले काय सांगू? साऱ्या गावानं म्हनलं, वांझोटीनं आपल्या हौशीचं पोट्टं काढलं. मीबी तेच म्हनलं, मनातल्या मनात तीन वर्सं तेच म्हनत राह्यली. अन् ते तं सोताच उभी होती तठी. लेकरू पोटचं नाई, जोडेल हाये, इतलंच तिले भिंतीवर लिहाचं होतं. अकरा घरी मी तिलेच तिच्या हातानं पुसाले लावलं.

अवसेच्या आदल्या दिवशी मी कामरगावची मोटार धरली. पिशवीत गेरू, काजय, निय अन् ते शिंदीची काडी. देवमन म्हने, "माय, आता कायले?" मी म्हनलं, "चूप राह्य."

गंगूचा तठी पाट लागला होता, हे मले मालूम होतं. साधा मानूस, दोन एकर वावर, तोंडाचा गरीब. दारात गंगू तांदूय निवडत होती. जाड झाली होती उलशी, कपायावर मोठं कुकू. तिच्या पाठीमांगून दीड-दोन वर्साच्या पोरीनं तिचा पदर धरला अन् माह्या चस्म्याकडं पाह्यलं.

गंगू उठली. डोक्यावर पदर घेतला. वाकून पाया पडली.

"बसा, आत्याबाई," ते म्हने.

सव्वीस वर्साची होती तवरक तिनं मले कधी आत्याबाई म्हनलं नव्हतं. मी बसली. पानी देल्लं, ते पेली.

"गंगू, मले दिसते आता."

"चांगलं झालं."

"आपल्या घरची भिंत पाह्यली मी. कागदाखालची."

तिचा हात तांदयात थांबला.

"तू तं पुसलं म्हनली होती," मी म्हनलं.

"खोटं बोलली होती."

"तुह्यापेक्षा मोठं खोटं मी बोलली वं. पाटलाच्या घरात, साऱ्या बायाईसमोर. माह्यानं लय वाईट झालं गंगू." आवाज फाटला माहा. पोरगी घाबरून मायच्या मांगं दडली.

गंगूनं सुपातला एक खडा काढला, बाहीर फेकला. "जाऊ द्या आत्याबाई. लय दिवस झाले. चा ठेवतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तं मी पाय धरले असते. राग संपेल मानसाचे पाय कसे धराचे, ते मले समजेना. मी इकडं-तिकडं पाह्यलं. भिंत कोरीच होती, कागदबी नव्हता.

"तू नाई काढली?"

"मी नाई काढत आता."

"मी काढून देतो. आता हात चालते माहा. तू लेकुरवायी झाली, तुह्या भिंतीले जिवती पाह्यजे."

तिनं पोरीकडं पाह्यलं. उलसा इचार केला. "काढा," म्हने.

दुपारभर काढली मी. गुडघे दुखले, हात भरून आला. खांब सरय आला, वाघ वाघासारखा आला. पन तिच्या नरसिंव्हावानी नाई आला, हे मलेच दिसे. चस्मा असला म्हनून तिचा हात मले थोडीच येनार होता. जिवतीच्या मांडीवर तिची पोरगी काढली, दोन येन्या घालून. पोरगी तोंडात बोट घालून बाजूले उभी राह्यली अन् आपल्याले भिंतीवर पाहून हासली.

मंग मी जिवतीच्या मांगं गेली. पदराच्या टोकाजवय एक पाय काढला. त्या पायात तोरडी काढली. दुसरा पाय काढाले काडी काजयात बुडवली, तं गंगू चुलीजवयून उठून आली. हात कनकीनं भरेल होते. उभी राहून तिनं पाह्यलं.

"आत्याबाई," ते हयूच म्हने, "माह्या घरी लेकरू एकच हाये. नेमानं एकच काढा."

मी तिच्याकडं पाह्यलं. जाड काचातून तिचं तोंड लय मोठं, लय साफ दिसे. तिचे डोये भरेल होते, पन ते हालली नाई. तिनं कोनाड्यातली चिंदी घेतली, पांढऱ्या मातीत बुडवली, दाबून पानी काढलं, अन् माह्या हातात देल्ली.

तोरडी पयले पुसली, मंग पाय. ओला रंग लवकर जाते. पांढऱ्यावर उलसा लाल डाग राह्यला, तं गंगू म्हने, "राहू द्या, सुकला का दिसत नाई," अन् चा कपात ओताले गेली.